हस्तलिखिताची पारख

पावसाळा सरत आला आणि सहामाही परीक्षेचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे आमच्या टेबलावर वह्यांची एक निराळीच चळत जमूं लागते. या वह्या गणिताच्या नव्हत, कीं भूगोलाच्याहि नव्हत. विद्यार्थ्यांनीं स्वेच्छेनें, वर्षभर थोडथोडें लिहून, स्वतःच्या हातानें सजविलेलीं हीं त्यांचीं खाजगी हस्तलिखितें होत. कोणी घरच्या मांजराची हकीगत लिहितो, कोणी कल्याणच्या खाडीवर उतरणाऱ्या पक्ष्यांचीं टिपणें ठेवितो, कोणी डोंबिवलीहून ठाण्यापर्यंतच्या रोजच्या लोकल गाडींतील गर्दीचें वर्णन करितो. या वह्या वाचून त्यांचे क्रमांक लावण्याचें काम गेलीं कित्येक वर्षें आमच्याकडे आहे.

निकाल लागला कीं दरवर्षीं एक दोन पालक आम्हांस येऊन विचारतात, "सर, आमच्या मुलीनें एवढी सुरेख वेलबुट्टी काढली, तरी तिचा क्रमांक कां लागला नाहीं?" हा प्रश्न रास्त आहे. ज्या मापानें मुलांचें काम मोजलें जातें तें माप मुलांस व पालकांस ठाऊक असलें पाहिजे. म्हणून तें येथें उघडपणें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. याला दुसरेंहि एक कारण आहे. या कामांत आमच्या हातून एकदां एका मुलीवर अन्याय झाला. तो कसा झाला हें सांगितल्यावांचून आमचें आजचें माप वाचकांस नीट समजणार नाहीं.

एकट्याचें लिखाण

प्रथम हें पाहूं, कीं अशा हस्तलिखिताची जात कोणती. परीक्षेंतील निबंध परीक्षकास वाचावाच लागतो. हस्तलिखिताचें तसें नाहीं. तें वाचावयाचें कीं मिटून ठेवावयाचें हें सर्वस्वीं वाचकाच्या इच्छेवर असतें. म्हणून त्याला धरून ठेवण्याचें काम लेखकासच करावें लागतें. शिवाय येथें संपादक, लेखक, चित्रकार आणि मुद्रक सर्व एकच. गुण त्याचे, आणि दोषहि त्याचेच.

आपल्या भाषेंत या एकट्याच्या लिखाणाची परंपरा मोठी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं इ. स. १८७४ च्या जानेवारींत 'निबंधमाला' सुरू केली. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले, आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर त्यांनीं एकट्यानें लिहिला. मिशनरी लोकांवर त्यांनीं कडक टीका केली, आणि ती सर्वच न्याय्य होती असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि शास्त्रीबोवांच्या मराठीचें मोल आम्ही आनंदानें मान्य करितों. परीक्षकाचा पहिला धडा हाच आहे: लेखकाचें मत आपणांस पटतें कीं नाहीं हा एक प्रश्न, आणि त्यानें तें चांगलें लिहिलें आहे कीं नाहीं हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दुसऱ्याच्या जागीं देऊं नये.

दुसरें उदाहरण साने गुरुजींचें. इ. स. १९२४ पासून इ. स. १९३० पर्यंत ते अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते. तेथील वसतिगृहाच्या मुलांसाठीं ते 'छात्रालय दैनिक' या नांवाचें पत्र स्वतःच्या हातानें लिहीत असत. त्याला छापखाना नव्हता, वर्गणीदार नव्हते. तरीहि मुलें त्याची वाट पाहत, कारण तें त्यांच्यासाठीं लिहिलेलें असे. ज्याला वाचक ठाऊक आहे, त्याचें लिखाण कधीं कोरडें होत नाहीं.

रूप कसें पारखावें

आतां हस्तलिखिताच्या दोन अंगांचा विचार करूं. एक रूप, दुसरें लेखन. रूपाचा हेतु एकच: डोळ्यांस त्रास न होतां मजकूर मनांत उतरावा. जी सजावट या हेतूस मदत करिते ती चांगली. जी वाचकास थांबवून "मला पाहा" म्हणते ती वाईट, मग ती कितीहि रंगीत असो.

पहिली गोष्ट समास. पानाच्या चारहि बाजूंस मोकळी जागा सोडल्यानें कागद वायां जातो असें पुष्कळ मुलांस वाटतें. जुनी एखादी पोथी पाहावी. कागद महाग असतांहि जुने लेखक मजकुराच्या दोहों बाजूंस समास सोडीत. पान धरावयास अंगठ्याला जागा लागते, आणि डोळ्याला विसावा लागतो, हें त्यांस ठाऊक होतें.

दुसरी गोष्ट ओळींमधील अंतर. इंग्रजी लिपीहून आपल्या लिपीला अधिक अंतर लागतें. याचें कारण अक्षरांच्या घडणींतच आहे. देवनागरींत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, आणि अक्षराच्या खालीं उकार व ऋकार लोंबतात. वरच्या ओळींत 'कृपादृष्टि' आणि त्याच्या बरोबर खालीं 'सर्वांनीं' असे शब्द आले, तर वरचे ऋकार खालच्या रफारांत अडकतात आणि वाचणारा अडखळतो. म्हणून छापील रेघांच्या वहींत अक्षर मोठें असेल तर एक रेघ सोडून लिहावें. मोडी लिहिणारे कारकून आधीं पानभर आडवी रेघ ओढीत आणि मग तिला अक्षरें लटकवीत. त्यामुळें हात जलद चाले, आणि ओळहि वांकडी होत नसे. त्यांतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे: आधीं ओळ, मग अक्षर.

तिसरी गोष्ट अक्षरांचीं वळणें. एकाच पानावर पांच तऱ्हेचीं अक्षरें आणि सात रंगांच्या शाया पाहिल्या म्हणजे आम्हांस जत्रेंतील पाट्यांची आठवण होते. मजकुराचें एक वळण आणि मथळ्याचें एक, एवढीं दोन पुरेत. अक्षराचें वळण ही लहानसहान बाब नव्हे. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत इ. स. १८१७ पासून मराठी छापलें जाऊं लागलें. तेव्हांपासून सुवाच्य देवनागरी ठसे पाडण्यासाठीं अनेकांनीं आयुष्य वेंचलें. गणपत कृष्णाजी यांनीं स्वतःच्या उद्योगानें इ. स. १८३१ मध्यें मराठी पंचांग छापून काढिलें. जावजी दादाजी हे लहानपणीं मिशनच्याच छापखान्यांत नोकरीस होते. पुढें त्यांनीं इ. स. १८६९ मध्यें 'निर्णयसागर' छापखाना काढिला, आणि त्याच्या सुबक ठशांची ख्याति दूरवर पसरली. आमचें ठाणेंहि या उद्योगांत मागें नव्हतें. 'अरुणोदय' हें वर्तमानपत्र इ. स. १८६६ मध्यें येथूनच निघालें. आपल्या काळीं संगणकावर दिसणारें 'मंगल' हें अक्षरवळण र. कृ. जोशी (१९३६–२००८) या सुलेखनकारानें घडविलेलें आहे. यंत्रावर उमटणाऱ्या अक्षरामागेंहि शेवटीं कोणाचा तरी शिकलेला हात असतो. म्हणून कोणी संगणकावर मजकूर जुळवून आणिला तरी त्यास आम्ही हींच मापें लावितों. समास, अंतर आणि वळण यांचे नियम दोहोंकडे सारखेच आहेत.

चौथी गोष्ट वाचकाची सोय. पानांस आंकडे असावे, प्रत्येक लेखावर तारीख असावी, आरंभीं अनुक्रमणिका असावी. तारीख नसलेलें टिपण म्हणजे पत्ता नसलेलें पाकीट होय. खोडावयाचें झाल्यास एक सरळ रेघ मारून पुढें जावें. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावीत. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार तेथूनच आला आहे. चूक झांकण्यासाठीं तेथें फुलाचें चित्र चिकटविणें हा मात्र आधुनिक शोध दिसतो. आम्हांस तें फूल उचलून पाहण्याची खोड आहे.

रूपाची परीक्षा घरींहि घेतां येते. वही उघडून हातभर दूर धरावी. मजकूर कोठें सुरू होतो व कोठें संपतो हें एका दृष्टिक्षेपांत कळलें पाहिजे. मग ती घरांतील आजीच्या हातीं द्यावी. आजीनें चष्मा सारखा करून दोन पानें न थांबतां वाचलीं, तर रूप उत्तम. पहिल्याच ओळींत तिनें "हें काय लिहिलें आहे, बाळ?" असें विचारलें, तर सोनेरी शाईहि कामाची नाहीं.

लेखन कसें पारखावें

रूप हें दार आहे. घर म्हणजे लेखन. लेखनांत आम्ही सर्वांत आधीं एकच गोष्ट शोधितों: लिहिणाऱ्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे काय? मासुंदा तलावावरील सायंकाळ हा विषय आमच्याकडे दरवर्षीं येतो. बहुतेक वह्यांत अशीं वाक्यें असतात: "तलावपाळीवरील सायंकाळचें दृश्य अत्यंत मनोहर होतें. सूर्यनारायण आपले सोनेरी किरण पसरीत अस्ताचलास जात होते." या वाक्यांत व्याकरणाची चूक नाहीं. पण हीं वाक्यें तलावावर न जातांहि लिहितां येतात. किंबहुना तीं जगांतील कोणत्याहि तलावास लागू पडतात. याच्या उलट हें पाहा: "दिवे लागले तेव्हां होडीवाल्यानें शेवटची होडी काठास बांधिली आणि ओल्या पायांनींच पायरीवर बसून तो पैसे मोजूं लागला. एक नाणें निसटून पाण्यांत पडलें. तो क्षणभर पाण्याकडे पाहत राहिला, आणि मग पुन्हां पहिल्यापासून मोजूं लागला." येथें एकहि अलंकार नाहीं. तरीहि सायंकाळ आहे, पाणी आहे, आणि एका माणसाच्या दिवसभराच्या कष्टांची किंमतहि आहे. हें लिहिणारा तेथें उभा होता याविषयीं वाचकास शंका राहत नाहीं.

असें लिहिण्यास मोठी विद्वत्ता लागते असें कोणीं समजूं नये. लक्ष्मीबाई टिळक यांस विवाहाच्या वेळीं अक्षरओळखहि नव्हती. त्यांचे पति नारायण वामन टिळक हे पुढें थोर कवि म्हणून प्रसिद्धीस आले. लहानपणीं त्यांचें प्राथमिक शिक्षण आपल्या कल्याणांतच झालें होतें. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहावयास वाचावयास शिकल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्राचा पहिला भाग इ. स. १९३४ मध्यें निघाला, आणि तें पुस्तक मराठींतील उत्कृष्ट आत्मचरित्रांत गणलें जातें. त्याचें रहस्य काय? बाई ज्या मराठींत घरीं बोलत, त्याच मराठींत त्यांनीं लिहिलें. आपली फजिती त्यांनीं लपविली नाहीं, आणि आपल्या दुःखाची जाहिरातहि केली नाहीं. विद्यार्थ्यांनीं भारी शब्दांच्या मागें लागण्याआधीं हें पुस्तक एकदां अवश्य वाचावें.

दुसरें माप प्रामाणिकपणाचें. दुसऱ्याचा उतारा घेतला तर त्याचें नांव खालीं लिहावें. तें लिहिल्यानें वहीची किंमत कमी होत नाहीं, उलट वाढते. हल्लीं मोबाईलवर शोधून कोणत्याहि विषयावर तयार मजकूर मिनिटभरांत हातीं येतो, आणि मागितल्यास यंत्र नवा निबंधहि रचून देतें. तो सुंदर अक्षरांत उतरवून काढणें हा सुलेखनाचा सराव झाला. त्याला लेखन म्हणतां येत नाहीं.

तिसरें माप सातत्याचें. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्यास एक पान लिहिणारा विद्यार्थी आणि शेवटच्या रविवारीं एका बैठकींत चाळीस पानें भरणारा विद्यार्थी यांच्या वह्या जाडीनें सारख्या असल्या तरी आंतून सारख्या नसतात. पहिल्याच्या वहींत पाऊस हळूहळू येतो आणि जातो. त्याचें अक्षर व विचार दोन्ही महिन्यामहिन्यानें सुधारलेले दिसतात. दुसऱ्याच्या वहींत शाईचा रंगसुद्धां बदलत नाहीं.

चौथें माप नाजूक आहे. खाजगी हस्तलिखितांत घरचीं आणि शेजारचीं माणसें येणारच. पण स्वतःची गोष्ट सांगण्याचा अधिकार आपणांस आहे, म्हणून दुसऱ्याचें गुपित उघडें करण्याचा अधिकार मिळत नाहीं. शेजारच्या काकूंचें भांडण लिहून वर्गास हंसविणाऱ्या एका वहीस आम्हीं गुण दिले नाहींत. लेखणी धारदार होती, पण तिच्याखालीं कोणाचा हात कांपला जाईल याचा विचार लेखकानें केला नव्हता.

आमची चूक

आतां ती हकीगत सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत आम्ही परीक्षक होतों. शेवटीं निवडीसाठीं आमच्यापुढें वह्यांचा ढीग होता आणि वेळ थोडा होता. एका वहीला मखमली कव्हर होतें. आंत सोनेरी किनार, प्रत्येक पानावर रंगीत चित्र, आणि मोत्यांसारखें अक्षर. तिला आम्हीं पहिला क्रमांक दिला. त्याच ढिगांत आठवीच्या एका मुलीची वाण्याच्या दुकानांत मिळते तसली साधी वही होती. निळें पेन, तिरपें अक्षर, चित्र एकहि नाहीं. तिचीं पहिलीं चार पानें आम्हीं चाळलीं, आणि ती बाजूस ठेविली.

बक्षीस समारंभ झाला. इतर मुलांनीं आपापल्या वह्या परत नेल्या, पण ती साधी वही आमच्या खणांतच राहिली. पुढें एका सुटीच्या दिवशीं खण आवरतांना ती हातीं लागली, आणि आम्हीं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

मुलीची आई डोंबिवलींत घरीं पोळीभाजीचे डबे करून देत असे. सकाळीं शाळेपूर्वीं ते डबे पोंचविण्याचें आणि सायंकाळीं रिकामे परत आणण्याचें काम मुलीकडे होतें. तिनें वर्षभर एवढेंच लिहिलें होतें, कीं कोणत्या घरचा डबा कसा परत आला. एक घर डबा धुवून, पुसून देई. एका घरच्या डब्यांत कधींमधीं एक पेरू येई. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे एक आजोबा रोज अर्धी पोळी शिल्लक ठेवीत. ती आपल्याकडच्या चिमण्यांसाठीं आहे असें ते म्हणत. एके दिवशीं डबा रिकामा आला, दुसऱ्या दिवशीं पूर्ण भरलेला आला, आणि तिसऱ्या दिवशीं दार उघडलें नाहीं. मुलीनें खालीं एवढेंच लिहिलें होतें, कीं आईनें त्या दिवशींहि त्यांच्या वांट्याच्या पोळ्या केल्या होत्या.

आम्ही बराच वेळ वही हातांत धरून बसलों. त्याच सुमारास असेंहि कळलें, कीं पहिल्या क्रमांकाच्या वहींतील लेख एका जुन्या दिवाळी अंकांतून उतरविलेले होते, आणि चित्रें घरांतील मोठ्या माणसांनीं काढिलीं होतीं.

वही परत करण्यास आम्ही त्या मुलीच्या घरीं गेलों. आमची चूक आम्हीं तिच्यापुढें व तिच्या आईपुढें स्पष्टपणें कबूल केली. मुलगी रागावली नाहीं. ती म्हणाली, "त्यांत चित्रें नव्हतीं ना, सर." हल्लीं कांहीं लिहितेस काय असें विचारलें तेव्हां तिनें नकारार्थी मान हालविली. आई म्हणाली, "आतां अभ्यास वाढला, वेळ नसतो तिला." वही तिनें फडताळांत डब्यांच्या हिशेबाच्या वह्यांवर ठेविली. आम्ही चहा घेऊन परत आलों. त्यानंतर त्या मुलीची दुसरी वही आमच्याकडे कधीं आली नाहीं.

आमचें आजचें माप

तेव्हांपासून आम्हीं पद्धत बदलली. वही प्रथम आम्ही पाहतच नाहीं. दुसरे एक शिक्षक ती आम्हांस मोठ्यानें वाचून दाखवितात, आणि आम्ही डोळे मिटून ऐकतों. कानाला सोनेरी किनार दिसत नाहीं. लेखनाचे गुण त्याच वेळीं कागदावर मांडले जातात, आणि मग वही हातीं घेऊन रूप पाहिलें जातें. शंभरांपैकीं पन्नास गुण लेखनास, तीस मांडणीस, आणि वीस सातत्यास. एकहि वही शेवटपर्यंत ऐकल्यावांचून बाजूस ठेविली जात नाहीं. यास वेळ तिप्पट लागतो. तो आम्ही देतों.

प्रत्येक वहीच्या शेवटीं आम्ही दोन ओळी लिहितों: कोणतें पान आम्हांस आवडलें, आणि पुढें काय सुधारावें. नुसत्या आंकड्यानें मूल शिकत नाहीं. आपण लिहिलेलें कोणीतरी खरोखर वाचलें, एवढें त्याला कळणें क्रमांकाहून अधिक मोलाचें आहे.

पालकांस आमची नम्र विनंति अशी, कीं मुलाच्या वहींत आपण चित्र काढूं नये व वाक्यहि सुधारूं नये. शुद्धलेखनाची चूक दाखवावी, पण ती त्यालाच दुरुस्त करूं द्यावी. आणि खाजगी वही वाचण्याआधीं त्याची परवानगी मागावी. परवानगी मागणारा वाचक मिळाला म्हणजे मूल अधिक जबाबदारीनें लिहितें.

ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) यांचें चरित्र मुलांनीं समजून घ्यावें. ते मिठागरांच्या धंद्यांतले गृहस्थ. त्यांनीं इ. स. १८९३ मध्यें सहकाऱ्यांसह मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केलें, जुनीं हस्तलिखितें मिळवून वाचलीं, इ. स. १९०३ पासून 'महाराष्ट्र कवि' या मासिकांतून जुनें काव्य छापून काढिलें, आणि 'महाराष्ट्र सारस्वत' हा इतिहास लिहिला. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय तर त्याहूनहि जुनें, इ. स. १८६४ चें आहे. अशा लोकांच्या हातीं जीं बाडें आलीं, तीं लिहिणाऱ्यांपैकीं बहुतेकांस आपलें लिखाण कोणी पुढें वाचील याची कल्पनाहि नसेल. कोणीतरी नीट लिहून ठेविलें, आणि कोणीतरी तें शेवटपर्यंत वाचलें, म्हणून तें आपणांपर्यंत आलें.

विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या वह्या आणावयाच्या तेव्हां मखमल नसली तरी चालेल. समास सोडा, ओळ सरळ ठेवा, तारीख घाला, आणि जें तुम्ही स्वतः पाहिलें तें तुमच्या घरच्या मराठींत लिहा. शेवटच्या पानापर्यंत ऐकण्याचें काम आमचें.